जाऊन-येऊन पाच

“सरळ जा. कुठे वळू नका. वळलात की हरवता तुम्ही.”

काकूंनी हे सांगितलं तेव्हा पहाटेचे पावणेसहा झाले होते. डोळ्यावर पट्टी होती आणि आवाजात झोप होती. पण नकाशेकाकांनी ते इतकं मनापासून ऐकलं, की पुढच्या तीन-चार तासांत एका सलूनमध्ये, एका बसमध्ये आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जे काही घडलं, त्याचं मूळ शोधायला गेलं तर या तीन वाक्यांपाशीच येऊन थांबावं लागतं.

नकाशेकाका नगररचना कार्यालयात नकाशे काढायचे, म्हणून सगळी इमारत त्यांना नकाशेकाका म्हणायची. शहरातली एकूण एक गल्ली त्यांच्या बोटाखालून गेली होती. पायाखालून मात्र घर ते कार्यालय एवढीच. कागदावर त्यांचा हात कधी चुकला नाही. रस्त्यावर आले की दुसऱ्या वळणाला हरवायचे. “रस्त्यावर उभं राहिलं की शहर वरून दिसत नाही,” असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयाचा जिना चढताना ते छातीला हात लावून मटकन खाली बसले होते. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी रोज पळायला सांगितलं आणि काकांनी काकूंचा हात हातात घेऊन शब्द दिला, “रोज पाच किलोमीटर. एक दिवस खाडा करणार नाही.” घराबाहेर पळायला सोडलं तर हा माणूस परत सापडायचा नाही, हे ओळखून लेकीनं ट्रेडमिल आणलं. ते गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसलं. तेवढीच जागा होती.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. साडेपाचला काका पट्ट्यावर चढायचे, समोरच्या कॅलेंडरवर नजर लावायचे आणि आकड्यात ५.०० दिसलं की थांबायचे. उजवा हात लांब केला की खिळ्यावर टॉवेल. डावीकडे न्हाणीघर. आत चहा. मग काकू पेन घेऊन यायच्या आणि त्या दिवसाच्या चौकटीत एक ठिपका द्यायच्या. ताप आला तरी, पाहुणे आले तरी, लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. नेम म्हटला की तो असा हवा. सातशे एक्केचाळीस ठिपके झाले होते.

या ठिपक्यांवरूनच काकूंच्या डोळ्यांचं कळलं. मंगळवारचा ठिपका बुधवारात जाऊ लागला. मग महिन्याबाहेर गेला. एके दिवशी तो कॅलेंडर सोडून भिंतीवरच पडला, तेव्हा लेक म्हणाली, “आई, आता पुरे. डोळे दाखवायचे.” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. काल दुपारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज सकाळी साडेआठला पट्टी काढायची होती. लेक त्यासाठीच मुक्कामाला आली होती. उरलेल्या डोळ्यानं काकूंना समोर माणूस आहे हे दिसायचं, कोणता आहे ते मात्र तो बोलल्यावरच कळायचं.

काल दवाखान्यात काका काकूंना म्हणाले होते, “उद्या पट्टी काढतील ना, तेव्हा समोर मी उभा राहीन. पहिला चेहरा माझा. शब्द देतो.”

“मग दाढी करून या,” काकू म्हणाल्या होत्या.

तर त्या दिवशी साडेपाचला काका गॅलरीत गेले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दोरीवर काकूंचा हातरुमाल वाळत होता, तो नाकाला लागला. तो त्यांनी बाजूला सारला. पट्ट्यावर चढले, बटण दाबलं. दिवा लागला, पट्टा हलेना. काकांनी वायर काढून पुन्हा लावली. मशीनला हळूच एक थाप मारली. मग जरा जोरात मारली. दिवा मिणमिणत राहिला आणि पट्टा जागचा हलला नाही.

“अगं, ऐकतेस का? मशीन चालत नाही.”

“मग आज राहू द्या,” काकू पांघरुणातून म्हणाल्या. “माझ्या दवाखान्याचा दिवस आहे. एक दिवस चुकला तर काय होतंय?”

“सातशे एक्केचाळीस दिवस झालेत. आणि शब्द तुला दिलाय, मशीनला नाही.”

काकूंनी पांघरूण तोंडावरून खाली घेतलं. “मग बाहेर पळता?”

“बाहेर?” काकांनी असं विचारलं, जणू त्यांना कुणी छपरावर पळायला सांगितलंय.

“बाहेर. माणसं पळतात बाहेर. मोठ्या रस्त्यानं जा,” आणि मग कुशीवर वळत त्यांनी ती तीन वाक्यं सांगितली.

काका कपाटातला नकाशा घेऊन बसले. अंतर न मोजता पळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फूटपट्टी लावली. फाटकापासून निघालेला मोठा रस्ता आखल्यासारखा सरळ जात होता (आखला त्यांनीच होता) आणि वीस सेंटिमीटरवर पाण्याची टाकी होती. नकाशाच्या मापानं वीस सेंटिमीटर म्हणजे बरोब्बर पाच किलोमीटर. काकांना बरं वाटलं. वीस सेंटिमीटर म्हणजे अशी किती वाट?

मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक मागच्याच गल्लीत राहायचा. काकांनी त्याला निरोप पाठवला आणि तो उलट फोन करेल म्हणून स्वतःचा फोन मशीनवर ठेवला. किल्ल्या वाजतात म्हणून घेतल्या नाहीत. पळताना चष्मा घसरतो म्हणून रोजच्यासारखा तोही काढून ठेवला. अंगात लेकीनं हौसेनं आणलेली लालभडक हाफपँट होती आणि तिला खिसाच नव्हता. तसे सव्वासहाला काका फाटकाबाहेर येऊन उभे राहिले.

उभे राहिले ते राहिलेच. रस्ता सुरू होण्याची वाट पाहत होते. चार-पाच श्वासांनंतर त्यांच्या लक्षात आलं की इथे आपणच सुरू व्हायचं असतं.

सुरुवातीला काका रस्त्याच्या कडेनं, दीड फुटांच्या मनातल्या पट्ट्यावरून, जराही इकडेतिकडे न होता पळत होते. समोरून सायकलवर वर्तमानपत्रं घेऊन येणारी बाई घंटी वाजवत होती. काका हलले नाहीत. दोन वर्षांत त्यांच्या वाटेत कुणी आलंच नव्हतं.

“ओ काका, सरका की! रस्ता काय एकट्यानं घेतलाय?”

काका सरकले. मग एक कुत्रं भेटलं. ते भुंकलं नाही, चावलं नाही, नुसतं बरोबर पळू लागलं आणि दर थोड्या वेळानं मान वर करून काकांकडे बघू लागलं. हा माणूस इतक्या हळू का पळतोय, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी कंटाळून ते पुढे निघून गेलं.

सिग्नल लाल झाला तेव्हा काका जागच्या जागी पळत राहिले. ही कला त्यांना उत्तम येत होती. हिरवा झाला तरी ते तिथेच पळत होते. चौकातल्या वाहतूक पोलीसबाईंनी शिट्टी वाजवून विचारलं, “काका, ओलांडायचाय की इथेच मुक्काम?”

आणि चौकानंतर चढ लागला. काकांनी या रस्त्याचा नकाशा स्वतःच्या हातानं काढला होता. त्यात हा चढ नव्हता. कागद सपाट होता, फूटपट्टी सपाट होती, मशीनही दोन वर्षं सपाटच होतं. काका थोडे पळाले, थोडे चालले, एकदा खांबाला धरून उभे राहिले आणि ज्या माणसानं हा रस्ता असा आखला त्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. मग तो माणूस कोण हे आठवून पुन्हा पळू लागले.

सात वाजून वीस मिनिटांनी पाण्याची टाकी आली. वीस सेंटिमीटर पुरे झाले. पाच किलोमीटर! काका थांबले, डोळे मिटले आणि सवयीनं उजवा हात लांब केला. हाताला टॉवेल लागला. त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, टॉवेल गळ्यात टाकला आणि न्हाणीघरात जायला डावीकडे वळले.

डावीकडे नाला होता.

“अहो, अहो! तो ओला आहे अजून,” मागून आवाज आला. “आत सुका देतो ना.”

काकांनी डोळे उघडले. टाकीच्या पायथ्याशी एक सलून होतं. बाहेरच्या दोरीवर टॉवेल वाळत घातलेले होते आणि दारात सलूनवाला वस्तरा घेऊन उभा होता. आत खुर्चीत एक गृहस्थ तोंडाला फेस लावून मान वाकडी करून बघत होते.

“मी घरी नाही,” काका म्हणाले.

“ते दिसतंय,” सलूनवाला म्हणाला. “घर कुठंय?”

काकांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मगाशी वीस सेंटिमीटरचा असलेला रस्ता दूरवर धुक्यात शिरला होता. मशीनवर पाच किलोमीटर झाले की माणूस घरातच असतो. कागदावर बोट उचललं की पुन्हा फाटकाशी. परत जायचं असतं ही गोष्ट त्यांच्या हिशेबात आलीच नव्हती.

“पाच किलोमीटर,” काका हळूच म्हणाले आणि सलूनच्या पायरीवर बसले. पोटरीत गोळा आला होता.

सलूनवाल्यानं त्यांना पाणी दिलं, सगळी हकीकत काढून घेतली आणि स्वतःचा फोन पुढे केला. “बायकोला फोन करा. नंबर सांगा.”

“माझ्या फोनमध्ये आहे.”

“फोन कुठंय?”

“घरी.”

“मुलीचा?”

“तोही त्यातच.”

“मग पाठ कुणाचा आहे?”

“माझाच,” काका ओशाळून म्हणाले. “अर्जांवर लिहावा लागतो ना.”

शेवटी त्यांनी स्वतःचाच नंबर लावला. घरच्या गॅलरीत मशीनवर फोन वाजला. तिथे मेकॅनिक पोचलेला होता. त्यानं तो उचलला.

“हॅलो, कोण बोलतंय?” काकांनी विचारलं.

“तुम्ही कोण?”

“हा फोन माझा आहे.”

“मालक पळायला गेलेत. नंतर करा.” फोन बंद.

सलूनवाल्यानं पुन्हा लावला.

“अहो ठेवू नका! मीच मालक.”

“मालक पळताहेत म्हणतोय ना. पळताना बोलतील कसे?”

“मी थांबलोय! पाण्याच्या टाकीपाशी.”

“टाकीपाशी? एवढ्या लांब?” मेकॅनिकच्या आवाजात आदर होता की काळजी, ते कळलं नाही. “साहेब, मशीन ठणठणीत आहे बरं का तुमचं. त्याचा लाल चिमटा जागेवर नाही. लोहचुंबक, दोरी आणि चिमटा असतो बघा, खाचेत बसवलेला. तो नसला की पट्टा हलत नाही. सुरक्षेसाठी असतं ते.”

“चिमटा तिथेच असतो. मी दोन वर्षांत हात लावलेला नाही.”

“आता नाही. नवा मागवावा लागेल, आठ दिवस. घ्या, बाईंशी बोला.”

“अहो, कुठे आहात?” काकूंचा आवाज आला. “आम्ही कधीची वाट बघतोय. सात चाळीस झालेत.”

“टाकीपाशी आहे.”

“तिकडे काय करताय?”

“पाच किलोमीटर झाले.”

“मग परत का नाही फिरलात?”

काका गळ्यातल्या टॉवेलच्या टोकाशी चाळा करू लागले.

“अहो, मी काय विचारतेय?”

“तू वळू नका म्हणाली होतीस.”

मागे लेकीच्या हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी तिचं तोंड दाबावं तसा बंद झाला. “अहो, अडीचला फिरायचं असतं,” काकू अगदी हळू म्हणाल्या. शाळेतल्या मुलाला समजावतात तसं. “जाऊन-येऊन पाच.”

“जाऊन-येऊन,” काका म्हणाले. दोन वर्षांत त्यांना इतकं नवं काही कुणी सांगितलं नव्हतं.

“आता चालत निघू नका. कुठेतरी वळाल. बस मिळतेय का बघा आणि थेट दवाखान्यात या. आम्ही दोघी निघतो. याल ना?”

“येतो. पहिला चेहरा माझा. शब्द आहे.”

बसचा प्रश्न खुर्चीतल्या गृहस्थांनी सोडवला. “बस माझीच आहे,” ते फेसातून म्हणाले. बाहेर टाकीखाली एक बस खरोखरच उभी होती आणि हे तिचे ड्रायव्हर होते. “आठला सुटते. दवाखान्याच्या चौकात उतरवतो तुम्हाला. माझी दाढी उरकू दे.”

ड्रायव्हरांची दाढी उरकली, तेव्हा आठला सात मिनिटं कमी होती. सलूनवाल्यानं खुर्ची झटकली. “बसा.”

“मी?”

“बायकोच्या नव्या डोळ्यासमोर हे खुंट घेऊन उभे राहणार? सात मिनिटांत दोन गाल होतात माझे.”

दाढीची आठवण झाली आणि काका निमूट बसले. सात मिनिटांत दोन गाल झालेही असते, पण सलूनवाला बोलता बोलता दाढी करणारा होता. एक गाल चकाचक झाला आणि त्याचा मेहुणा कसा पळायला जाऊन पाय मोडून घेऊन आला ते रंगात आलं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

“चला हो काका! सुटली!”

काका गळ्यातल्या टॉवेलनं फेस पुसत धावले. “टॉवेल!” सलूनवाला मागून ओरडला.

“उद्या आणून देतो! शब्द!” काका पायरीवरून ओरडले. तोपर्यंत बस हलली होती. टॉवेलच्या काठावर लाल दोऱ्यानं काहीतरी विणलेलं होतं. चष्मा नसल्यामुळे काकांना ती नक्षी वाटली.

येताना चढाचा उतार झाला होता. खिडकीत बसून काका त्याकडे कौतुकानं बघत होते. मशीनवर हे कधी कळलंच नसतं. सव्वाआठला ते सिग्नलजवळ पोचले आणि बस थांबली ती थांबलीच. पुढे रस्ताभर पाणी वाहत होतं. पाण्याची मोठी पाइप फुटली होती.

“पालिकेच्या माणसांनी डावीकडे खणलं अर्धा तास,” ड्रायव्हर बाहेर डोकावून आले आणि म्हणाले. “नकाशात डावीकडे दाखवलीय म्हणे. निघाली उजवीकडे. आता दोन्हीकडे खड्डे आणि मधे तळं. कुण्या शहाण्यानं काढलाय नकाशा, देव जाणे.”

काका खिडकीतून दुसरीकडे पाहू लागले. मग उठले. “दवाखाना किती लांब असेल इथून?”

“एक किलोमीटर. पण पुढे दोन-तीन वळणं आहेत बघा.”

वळणं! काका खाली उतरले. पोटरी दुखत होती, पायाखाली पाणी होतं आणि कानात काकूंचं वाक्य होतं. पहिल्या वळणाशी आले आणि त्यांचं पाऊल अडलं. चष्मा नाही, पाट्या वाचता येत नाहीत, डावीकडे दुकानं, उजवीकडेही दुकानं. तिकडे काकू पट्टी बांधून बसलेल्या. काकांनी डोळे घट्ट मिटले. हळूहळू त्यांना रस्ता वरून दिसू लागला. काळी जाड रेघ, तिला फुटलेली बारीक रेघ, चौकोनी मैदान, त्यापलीकडे दवाखान्याची लहानशी फुली. ती फुली त्यांनी स्वतः काढली होती. त्यांनी डोळे उघडले आणि मनातल्या मनात बोट ठेवून ते डावीकडे वळले. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. आणि ते पळत होते. आकडा बघायला मशीन नव्हतं, ५.०० वर थांबायचं नव्हतं. पायाला कुठेतरी पोचायचं होतं, एवढंच. त्यात दुखणारी पोटरी कधी विसरली, ते त्यांना कळलंही नाही.

दवाखान्यात काकूंचा नंबर लागून गेला होता.

“आधी यांना घ्या,” काकूंनी पहिल्यांदा शेजारच्या आजींना पुढे पाठवलं. मग एका आजोबांना. मग आणखी तिघांना. पट्टीवर तळहात धरून त्या बाकावर बसल्या होत्या, जणू कुणी येऊन ती ओढून काढणार होतं.

“आई, अगं पाच माणसं पुढे गेली,” लेक वैतागली. “बाबा येतील तेव्हा बघशील की त्यांना. चेहरा काय पळून जाणार आहे?”

“तोच तर पळालाय.”

सिस्टर आल्या. “बाई, डॉक्टर नऊला उठतात. आता तुम्हीच.”

“दोन मिनिटं, सिस्टर.” काकूंनी मान खाली घातली. ओठ जरासे हलले. त्या मनाशी काहीतरी बोलल्या आणि लेकीनं विचारलं तेव्हा “काही नाही गं” म्हणाल्या. दवाखान्याच्या जिन्यावरून तेवढ्यात पावलं वाजली. ओल्या बुटांची, फचक फचक. बाकांवरच्या सगळ्या एकेका डोळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात एक लालभडक हाफपँट उभी होती.

“बाबा!” लेक म्हणाली.

“आलो,” काका दाराला धरून म्हणाले. “वळून आलो. तीनदा.”

आवाज ऐकून काकूंनी तळहात खाली घेतला. “चला सिस्टर,” त्या उठल्या.

आत डॉक्टरांनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काकूंना खुर्चीत बसवलं. काका काकूंच्या अगदी समोर, हातभर अंतरावर ताठ उभे राहिले. पट्टी निघाली. डॉक्टरांनी डोळा पुसला. काकूंनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. काकू मान खाली घालून बसल्या होत्या, त्यामुळे नजर आधी काकांच्या गळ्यावर गेली.

“काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

काकूंनी डोळा बारीक केला आणि एकेक शब्द सावकाश वाचला, “‘हा टॉवेल... दुकानाबाहेर... नेऊ नये.’”

“वा!” डॉक्टर म्हणाले. “इतकी बारीक अक्षरं? फार छान. आणि जरा वर?”

काकूंनी मान वर केली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. कपाळावरच्या रेघा, कानापाशी पांढरे झालेले केस, घामानं चिकटलेली भुवई. दोन-तीन वर्षांत हे सगळं कधी झालं, ते त्यांना दिसलंच नव्हतं.

“वर आमचे हे,” त्या म्हणाल्या. मग आणखी जवळ वाकल्या. “अहो, दाढी एकाच गालाची?”

“अर्ध्यात वळलो,” काका म्हणाले. “आज सकाळी शिकलो.”

काकू हसल्या. डॉक्टर म्हणाले, हसताना डोळ्याला हात लावू नका. निघताना काकूंनी सिस्टरना बाजूला घेऊन विचारलं, “चालायला चालेल ना मला? उद्यापासून?”

“काळा चष्मा लावून सावकाश चाला. पळू नका फक्त.”

“पळायला एक माणूस पुरे आहे घरात.”

घरी आल्यावर काका पाय उशीवर ठेवून पडून राहिले. ठिपका द्यायला काकू पेन घेऊन गॅलरीत गेल्या. सातशे बेचाळिसावा ठिपका चौकटीच्या बरोबर मधोमध पडला. मग त्यांनी आधीचे ठिपके पाहिले, भिंतीवरचा पाहिला आणि स्वतःशीच मान हलवली. वर दोरीवर त्यांचा हातरुमाल वाळून कडक झाला होता. तो काढायला त्यांनी हात वर केला आणि तिथेच थांबल्या.

रुमालाला लाल चिमटा होता. चिमट्याला दोरी, दोरीच्या टोकाला गोल लोहचुंबक.

काल संध्याकाळी पट्टीच्या डोळ्यानं त्या चाचपडत इथे आल्या होत्या. रुमाल उडून जाईल म्हणून चिमटा शोधत होत्या. मशीनवर हाताला एक लागला. या चिमट्याला दोरी कुणी बांधली, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला होता.

“अगं,” आतून काका म्हणाले, “तो चिमटा आज मिळाला असता तर बरं झालं असतं, नाही? उद्या मशीनवर...”

“हं,” काकू म्हणाल्या. त्यांनी मशीनवरच्या रिकाम्या खाचेकडे पाहिलं, मग दोरीपलीकडे दिसणाऱ्या रस्त्याकडे. तो किती लांब जातो, तेही त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. चिमटा त्यांनी हातरुमालात ठेवला, गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली. सांगायचं होतंच. पण मेकॅनिकनं आठ दिवस सांगितले होते, आणि आठ दिवसांनी सांगितलं तरी चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला काका आवाज न करता उठले. धुऊन, घडी करून ठेवलेला टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकला. आज चष्मा घेतला, किल्ली घेतली, काकूंचा नंबर कागदावर लिहून मोज्यात खोचला. काकू झोपल्या आहेत असं पाहून दार हळूच ओढून घेतलं.

दार लागलं तशी काकूंनी पांघरूण बाजूला केलं. काल बाकावर बसून, तळहात पट्टीवर धरून, त्या मनाशी जे बोलल्या होत्या ते कुणालाही ठाऊक नव्हतं. ते वेळेवर आले, तर उद्यापासून रोज मी त्यांच्याबरोबर निघेन. पळणं नाही, पहिल्या बसथांब्यापर्यंत चालत आणि पुढे बसनं. पण रोज. खाडा न करता.

त्यांनी लेकीचे पळायचे बूट घातले, नाडी नीट दिसत होती. काळा चष्मा लावला. जिन्यात आल्या तेव्हा खाली फाटकाशी काका दिसले. खांद्यावर टॉवेल टाकून ते रस्त्याकडे तोंड करून स्तब्ध उभे होते. अजून रस्ता सुरू होण्याची वाट बघत असावेत.

काकूंनी कमरेची गाठ चाचपून पाहिली, कठडा धरला आणि आवाज न करता पहिली पायरी उतरल्या.